चौथी सीट

जुलै २०२०. तैपेईच्या सोंगशान विमानतळावर साठेक माणसं रांगेत उभी आहेत. कुणाच्या पाठीवर सॅक, कुणाच्या कडेवर पोर, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. चेक-इन होतं, बोर्डिंग पास हातात पडतो, सामान तपासलं जातं, इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो. मग मंडळी विमानात जाऊन बसतात. एअरबस ए-३३०, भलंमोठं. केबिन क्रू अदबीने स्वागत करतो. आणि विमान जागचं हलत नाही. थोड्या वेळाने सगळे उतरतात आणि आले तसे घरी जातात.

यात कुणाची फसवणूक नव्हती. विमान उडणार नाही हे आधीच जाहीर केलेलं होतं. तरी त्या साठ जागांसाठी सुमारे सात हजार अर्ज आले, आणि निवड करावी लागली. तीनच महिन्यांनी, १० ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीचं एक विमान सिडनीहून उडालं, सात तास आकाशात फिरलं, ग्रेट बॅरियर रीफ आणि उलुरूचा तो तांबडा खडक खिडकीतून दाखवून पुन्हा सिडनीलाच उतरलं. त्याची १३४ तिकिटं दहा मिनिटांत संपली होती.

आता याच वर्षाचा दुसरा आकडा बघा. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना दरवर्षी जगभरातल्या परदेशी पर्यटकांच्या आगमनाची मोजदाद करते. २०१९ मध्ये ती सुमारे १४६ कोटी होती. २०२० मध्ये ४० कोटींच्या आसपास. मोजदाद सुरू झाल्यापासून एवढी घसरण कधीच झाली नव्हती.

एकीकडे शंभर कोटींहून जास्त प्रवास पुसले गेले, आणि दुसरीकडे न उडणाऱ्या विमानात बसायला माणसं अर्ज भरत होती. त्या दिवसांत मी या दोन बातम्या शेजारी ठेवून कितीदा तरी विचार केला. महामारीत माणसाची प्रवासाची इच्छा मेली, असं म्हणावं तर ती सात हजार माणसं कोण? आणि मेली नव्हती म्हणावं, तर रस्ते, फलाट, विमानतळ ओस पडले ते फक्त सरकारी हुकमामुळे का?

मला उत्तराचा पहिला धागा सापडला तो लोकलच्या डब्यात.

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचं बाक तिघांसाठी असतं. बसतात चौघे. हा चौथा माणूस अर्धा बाकावर, अर्धा हवेत असतो. एक पाय वाटेत रोवलेला, एक खांदा तिसऱ्याच्या दंडाला टेकलेला. या जागेला 'चौथी सीट' म्हणतात, आणि ती कुठल्याही नियमात नाही. "जरा सरकून घ्या" एवढं म्हटलं की अनोळखी तिघे अंग चोरतात आणि नसलेली जागा तयार होते. लाखो माणसं रोज अशी परक्याच्या खांद्याला खांदा लावून दीड दीड तास प्रवास करतात.

९ मार्च २०२० ला पुण्यात दुबईहून परतलेल्या दोघांना करोनाचं निदान झालं. महाराष्ट्रातले हे पहिले रुग्ण. लोकल बंद झाल्या त्या २२ मार्चच्या मध्यरात्री. मधले जवळजवळ दोन आठवडे गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या, लोकलने जायला बंदी नव्हती. पण त्या दोन आठवड्यांत चौथी सीट हळूहळू नाहीशी होताना मी पाहिली. संध्याकाळच्या गाडीत जागा रिकामी दिसायची आणि माणसं दाराशी उभी राहायची. एकदा कोपऱ्यातल्या एका माणसाला ठसका लागला. त्याने बिचाऱ्याने लगेच पाण्याची बाटली उघडून सगळ्यांना दिसेल असं पाणी प्यायलं, म्हणजे हा ठसकाच आहे, खोकला नव्हे, हे कळावं म्हणून. तरी दोघं उठून गेलेच. हुकूम कुणी दिला नव्हता.

शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मोजायचं ठरवलं. अमेरिकेत काही ठिकाणी घरी राहण्याचे आदेश लवकर निघाले, काही ठिकाणी उशिरा. मग एकाच शहरी पट्ट्यात सीमेच्या अलीकडे बंदी आणि पलीकडे मोकळीक, अशी ठिकाणं त्यांनी शोधली आणि मोबाइल फोनच्या नोंदींवरून दुकानांत जाणाऱ्यांची संख्या ताडून पाहिली. ग्राहकांची ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती. त्यातला आदेशांचा वाटा किती? त्या ६० पैकी जेमतेम ७ टक्क्यांचा. बाकी सगळी घट माणसांनी आपणहून केलेली. माझ्या मनात घर करून राहिला तो त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष. जी माणसं बाहेर पडत होती, ती गर्दीची मोठी दुकानं टाळून कमी गर्दीच्या दुकानांत जात होती. म्हणजे त्यांना बाहेर जायचंच होतं, फक्त शेजारी माणूस नको होता.

हे आपल्या आत कोण ठरवतं? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मार्क शालर यांनी त्याला 'वर्तनाची प्रतिकारशक्ती' असं नाव दिलं आहे. शरीराची प्रतिकारशक्ती जंतू आत शिरल्यावर कामाला लागते आणि ते काम फार महागडं असतं. ताप येतो, अंग मोडून येतं, दिवसचे दिवस अंथरुणात जातात. त्यापेक्षा जंतू आतच येऊ न दिलेला बरा. म्हणून मनाने दाराबाहेर एक राखणदार बसवलेला आहे. खोकला, शिंक, अंगावरचं पुरळ, कुबट वास, काहीही जाणवलं की तो आपल्याला मागे खेचतो. शालर म्हणतात, हा राखणदार मुद्दामच घाबरट आहे. चोर नसताना दहा वेळा ओरडला तरी फारसं बिघडत नाही. चोर असताना एकदा गप्प राहिला तर जीव जातो. म्हणून तो मिरचीच्या ठसक्यालाही ओरडतो. लोकलच्या कोपऱ्यातल्या त्या माणसाचं पाणी पिणं फुकट गेलं ते यामुळे. हजारो पिढ्यांपूर्वीपासून पहारा देणारा हा राखणदार आणि ६:४२ ची फास्ट लोकल एकाच बाकावर बसलेले असतात, हा विचार आला की मला आजही थरारल्यासारखं होतं.

धोका मोजण्याची आपली पद्धतही अजब आहे. भारतात २०१९ मध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत दीड लाखाहून जास्त माणसं गेली, पण म्हणून गावाला जायचा बेत कुणी रद्द करत नाही. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की भीती मृत्यूंच्या संख्येवर बेतलेली नसते. धोका नवा आहे का, डोळ्यांना दिसत नाही का, आपल्या हातात काही नाही असं वाटतं का, यावर ती वाढते. नवा विषाणू या तिन्ही कसोट्यांवर पुरेपूर उतरतो. आणि स्वतःची गाडी या तिन्ही कसोट्यांवर निर्धोक वाटते, कारण रस्ता ओळखीचा असतो, समोरचं दिसत असतं, स्टिअरिंग आपल्या हातात असतं. म्हणून टाळेबंदी सैल होताच मुंबई-पुण्याची माणसं बस आणि आगगाडी सोडून स्वतःच्या गाडीने कोकणात, महाबळेश्वरला निघाली. भीतीने अशी वाट बदलली की कधी कधी त्याची जबर किंमत मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानाला घाबरून असंख्य अमेरिकन माणसं लांबच्या प्रवासालाही मोटारीने जाऊ लागली. गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशोबाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यामुळे सुमारे १,५०० माणसं रस्त्यांवर जास्तीची मेली.

इथवर सगळं एका दिशेने जातं: भीती वाटली की माणूस जागेवर थांबतो. पण मग १८९६ च्या मुंबईचं काय करायचं?

त्या वर्षी सप्टेंबरात मांडवीच्या धान्य-गोदामांच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहराच्या आठ-साडेआठ लाख वस्तीतली जवळजवळ निम्मी माणसं मुंबई सोडून गेली. रेल्वेने, बोटीने, बैलगाडीने, पायी. गिरण्यांना कामगार मिळेनात. तीच भीती, तोच राखणदार, आणि इथे तो माणसांना घराबाहेर हाकलतो आहे.

मला वाटतं, फरक एवढाच की तेव्हा धोक्याची जागा घर होती. उंदीर घरात मरून पडत. सरकारी माणसं घराघरांत शिरून झडत्या घेत, रोग्याला उचलून नेत, सामान जाळत. खेड्यांत तर लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधीच धडा घेतला. उंदीर पडू लागले की सगळं गाव उठून रानात झोपड्या बांधून राहायचं. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तोवर रेल्वेच्या स्थानकांवर डॉक्टर माणसांच्या काखा आणि जांघा चाचपत होते. धान्याच्या पोत्यांबरोबर जाणाऱ्या उंदराची नाडी कुणी पाहत नव्हतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा अधिकार शब्दांत लिहिलेला आहे. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला.

आणि त्याच प्लेगात एक बाई उलट्या दिशेने चालत गेली. पुण्याजवळ प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले दवाखान्यात पोचल्या. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वर्तनाच्या प्रतिकारशक्तीचे सगळे नियम वाचून झाले की मी या एका प्रवासापाशी येऊन थांबतो. त्या राखणदाराचं ओरडणं त्यांनाही ऐकू आलंच असणार.

मुंबईत माणसांनी जे केलं, तेच पुढे सुरतेतही झालं. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहराबाहेर पडली. सुरतेच्या यंत्रमागांवर खानदेशातली किती तरी घरं पोट भरतात. तिकडच्या जुन्या माणसांना तोंडाला रुमाल बांधलेली ती गर्दी अजून आठवते. कित्येक देशांनी भारताची विमानं थांबवली. देशभरात मिळून मृत्यू झाले ते पन्नासच्या आसपास.

मराठीत या रोगांना आपण 'साथ' म्हणतो. सोबतीलाही 'साथ'च म्हणतो. सोबतीचा हा शब्द संस्कृतातल्या 'सार्थ' पासून आला, आणि सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, एकत्र प्रवास करणाऱ्यांचा जथा. मिळून चालणाऱ्यांचा शब्द रोगाच्या अंगावर कसा बसला असेल याचं मला फार नवल वाटतं. कदाचित जुन्या माणसांच्या लेखी रोग हाही एक प्रवासीच होता. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे, त्यात नैवेद्य ठेवून तो शिवेबाहेर ढकलून यायचे. रोगाला मारायचं नाही, त्याला वाटेला लावायचं.

२०२० मध्ये धोक्याची जागा घर नव्हतं, परका माणूस होता. म्हणून पाय घराकडे वळले. हे लक्षात आलं की त्या वर्षीची सगळ्यात विलक्षण गोष्ट उलगडते. ज्या आठवड्यांत जगभर विमानं जमिनीवर होती, त्याच आठवड्यांत आपल्या महामार्गांवर माणसांचे लोंढे चालत होते. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, मे महिन्याचं ऊन, आणि गाव शेकडो किलोमीटर दूर. प्रवासाची एवढी तीव्र इच्छा आपल्या पिढीने दुसऱ्या कुठल्या काळात पाहिली नाही. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर दमून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून रुळांच्या वाटेने चालले होते. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. एकूण साठ लाखांहून जास्त माणसांना त्यांनी गावी पोचवलं. पण त्या सोळांपर्यंत गाडी पोचली नाही.

आणि घरी पोचल्यावर? तिथेही एक राखणदार बसलेला होता. दरवर्षी ज्या चाकरमान्यांची वाट बघितली जाते, त्यांच्यासाठी कोकणातल्या कित्येक वाड्यांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. गणपतीला येणाऱ्याने आधी येऊन विलगीकरणात राहायचं असं ठरलं. शाळेच्या वर्गात, पडवीत, गोठ्याशेजारच्या खोलीत माणसं दिवस मोजत बसली. आई ताट ओट्यावर ठेवून मागे सरकायची, मग मुलगा पुढे येऊन ते उचलायचा. असं ताट मी पाहिलं आहे. भाकरीवर फडकं झाकलेलं होतं, आणि फडक्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक छोटा दगड. पंधराव्या शतकात व्हेनिससारख्या बंदरांत जहाजं चाळीस दिवस थांबवायचे, त्या 'चाळीस'वरून क्वारंटाइन शब्द आला. त्याआधी १३७७ मध्ये रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस लांब ठेवायला सुरुवात केली होती. साडेसहाशे वर्षांनी तीच युक्ती एका ओट्यावर आली होती.

वारीही थांबली, आणि तरी थांबली नाही. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर पालखी अडीच-तीन आठवड्यांत चालते. ३० जून २०२० ला माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीत बसल्या आणि त्याच दिवशी पंढरपूरला पोचल्या. सोबत मोजकी माणसं. १ जुलैला आषाढी एकादशी आणि पंढरपुरात संचारबंदी. त्या दिवशी मी टीव्हीवर ती बस पाहत होतो. रिमझिम पाऊस, काचेवर झेंडूच्या माळा, आणि रस्त्याच्या कडेला अंतर राखून हात जोडून उभी असलेली माणसं. वारीत जी जागा माणसांनी भरलेली असते ती पूर्ण रिकामी होती. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या तेव्हा रस्ता पुरेना.

या परतीला इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'रिव्हेंज ट्रॅव्हल' असं नाव दिलं. सूड. मला हा शब्द पटत नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीत टोरांटो शहराचं नाव जगभर बदनाम झालं होतं; जागतिक आरोग्य संघटनेने तिकडे अनावश्यक प्रवास करू नका असा इशारा दिला, तो आठवड्याच्या आत मागे घेतला, पण हॉटेलं रिकामीच राहिली. कॅनडात त्या साथीत ४४ माणसं गेली. शेवटी ३० जुलैला शहरातल्या एका जुन्या हवाई तळाच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सना बोलावून मोठी मैफल ठेवली. सुमारे साडेचार लाख माणसं आली, खांद्याला खांदा लावून दिवसभर उभी राहिली. त्याला कुणी सूड म्हणेल का? काही महिन्यांपूर्वी जिथे खोकल्याने गर्दी फुटत होती तिथे माणसांनी परक्याचा घाम आनंदाने अंगाला लावून घेतला.

भीती विरते कशी, याचं उत्तर तसं साधं आहे: सुखरूप परत येऊन. आकडेवारी वाचून राखणदार शांत होत नाही. माणूस एकदा जाऊन येतो, काही होत नाही. पुन्हा जातो, पुन्हा काही होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा देशात रोजचे रुग्ण तीन लाखांवर गेले होते, पण २०२० च्या मार्चसारखा, थोड्याच रुग्णांनी रस्ते रिकामे होण्याचा प्रकार घडला नाही. लस होती, आणि नवेपणा संपला होता. २०२४ पर्यंत जगातले परदेशी पर्यटक पुन्हा १४० कोटींच्या घरात पोचले.

मुंबईत दोन डोस घेतलेल्यांसाठी लोकल उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ ला. बाकांवर एकाआड एक फुलीचे स्टिकर होते. पहिले काही दिवस लोक ते पाळायचे. मग स्टिकरच्या कडा निघाल्या, मग कुणी तरी बॅग ठेवली, मग बॅगेच्या जागी माणूस आला. तिघे बसू लागले. चौथा मात्र कितीतरी दिवस उभाच असायचा. बसायला विचारायचा नाही, आणि बसलेले तिघेही खिडकीकडे बघत राहायचे.

मग पावसाळ्यातली एक संध्याकाळ. मी तिसऱ्या जागेवर. ठाण्याला एक साठीचे गृहस्थ आत आले, हातात ओली छत्री आणि भाजीची पिशवी. आमच्या बाकापाशी थांबले, क्षणभर अडखळले, आणि म्हणाले, "जरा सरकून घेता का?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खिडकीतल्याने मांडीवरची सॅक उभी केली. मधल्याने खांदा तिरका केला. मी वीतभर आत सरकलो. ते टेकले, अर्धे बाकावर आणि अर्धे हवेत, छत्रीचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं, आणि मुलुंड येईपर्यंत त्यांचा डोळा लागला.